कोरा चहा

आजीसमोर कोऱ्या चहाचं नाव काढायची सोय नव्हती. १९७२ च्या दुष्काळात माण तालुक्यातल्या माझ्या आजोळची गुरं गेली, दूध गेलं, आणि मग कितीतरी महिने चुलीवर गुळाचं पाणी आणि चिमूटभर चहापूड एवढंच उकळत राहिलं. आई तेव्हा दहा वर्षांची होती. पाहुणा आला की आजी चहाचा कप दाराआडूनच पुढे करायची, असं आई सांगते. कपात दूध नाही हे पाहुण्याला कळल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे उमटेल, ते आजीला बघायचं नसायचं. पुढे गोठा पुन्हा भरला, पण कोरा चहा म्हटलं की आजीचा चेहरा उतरायचा तो उतरायचाच. शब्दच तसा आहे. कोरा कागद, कोरी पाटी. जिथे काहीतरी असायला हवं होतं आणि नाही, ते कोरं.

हे सगळं घेऊनच मी वाढले. म्हणून गेल्या वर्षी पूर्व नेपाळमधल्या इलाम जिल्ह्यात, एका घराच्या ओसरीवर, काचेच्या पेल्यात दुधाशिवायचा चहा माझ्या पुढ्यात आला, तेव्हा मनात आधी आजीच आली. यांच्याकडे दूध नसेल का? एवढ्यात मागच्या गोठ्यातून गाय हंबरली. इलाममध्ये 'अ'पासून आणि 'अ'च्या जवळपासच्या अक्षरांपासून सुरू होणाऱ्या जिनसांची एक यादी लोक अभिमानाने सांगतात: अलैंची म्हणजे मोठी वेलची, अदुवा म्हणजे आलं, अम्लिसो म्हणजे केरसुणीचं गवत, आलु, आणि ओलन. ओलन म्हणजे दूध. त्या जिल्ह्यात आणि काही कमी असेल, दूध नाही.

"चिया खानुस् बहिनी," घरातल्या दिदी म्हणाल्या. नेपाळीत चहा खातात. आपण चहा घेतो, हिंदीत पितात, ते खातात. त्या पेल्यातला चहा घासलेल्या तांब्याच्या रंगाचा होता आणि त्यातून पेल्याचा तळ स्वच्छ दिसत होता. साखर नव्हती. मी तोंड कडू होईल या तयारीने घोट घेतला. जिभेला मिळालं ते भलतंच: आधी पिकलेल्या काळ्या द्राक्षाच्या सालीसारखी चव, मग किंचित मध, आणि घोट गिळल्यानंतर घशात कितीतरी वेळ रेंगाळणारा एक थंडावा. या रंगात, या पाण्यात एवढं सगळं येतं कुठून, हे मला कळेना. पुढचे तीन दिवस मी त्याच एका प्रश्नामागे फिरले.

मी सिलिगुडीला कामासाठी गेले होते आणि चार दिवस हातात होते. सिलिगुडीहून पानिटंकी, मेची नदीवरचा लांब पूल, पलीकडे काकडभिट्टा. मेची ही इंग्रज आणि नेपाळ यांच्यातल्या १८१६ च्या सुगौलीच्या तहानंतर ठरलेली सीमा. त्याआधी काही दशकं नदीच्या पलीकडचा दार्जिलिंगचा डोंगरही नेपाळच्या गोरखा राज्यातच होता. पुलाच्या दोन्ही अंगांना बायका त्याच तऱ्हेचे कपडे घालून, तीच नेपाळी बोलत, त्याच भाजीचे भारे घेऊन जात होत्या. भारतीयाला इथे व्हिसा लागत नाही. आपण दुसऱ्या देशात आलो हे घड्याळावरून कळतं, नेपाळचं घड्याळ पंधरा मिनिटं पुढे.

पूल ओलांडला की झापा जिल्हा. सपाट तराई, दमट उकाडा, आणि रस्त्याच्या कडेने सावलीच्या झाडांखाली पसरलेले चहाचे मळे. नेपाळचा बहुतांश चहा इथलाच. इथे आसामच्या जातीची, मोठ्या पानांची झुडपं असतात, आणि त्यांचा होतो तो सीटीसी चहा: दातेरी रुळांमधून पान चिरडायचं, फाडायचं आणि त्याचे बारीक गोल दाणे करायचे. ही यंत्रं १९३० च्या आसपास आसामात निघाली. आपण रोज आधणात टाकतो ती 'पावडर' याच दाण्यांची. भरभर रंग सोडते, आलं-गवती चहा-दूध-साखर सगळं अंगावर घेते आणि तरीही चहा म्हणून उरते. मी त्या चहाला नावं ठेवणार नाही, माझी सकाळ त्याच्यावरच उजाडते. पण तो पेला त्यातला नव्हता.

चारआलीहून मेची राजमार्ग उत्तरेकडे वळतो आणि चढू लागतो. तासाभरात अंगावरचा घाम वाळतो, खिडकीची काच वर करावी लागते, आणि कन्यामला पोचेपर्यंत आपण ढगात असतो. इथली झुडपं वेगळी. बारीक पानांची, चिनी जातीची किंवा तिच्यापासून तयार केलेल्या वाणांची, कमरेएवढ्या उंचीला छाटून ठेवलेली. मोकळं सोडलं तर चहाचं चांगलं मोठं झाड होतं. हिवाळ्यात छाटणी करून करून त्याला झुडूप ठेवायचं, म्हणजे ते सतत कोवळा फुटवा काढत राहतं. उतार लागतो, कारण चहाला पाऊस हवा पण मुळाशी पाणी थांबलेलं चालत नाही. माती आम्लधर्मी लागते. आणि थंडी लागते, कारण थंडीत पान हळू वाढतं, आणि हळू वाढलेल्या पानात चव दाटते.

दिदींची चियाबारी, म्हणजे चहाचा मळा, घरामागच्या उतारावर होती, बारा रोपनी. एक रोपनी म्हणजे आपले साधारण पाच गुंठे, तेव्हा दीड एकराच्या आसपास. मोठ्या इस्टेटी आहेत, पण डोंगराळ इलाममध्ये बराच चहा अशा छोट्या शेतकऱ्यांच्या तुकड्यांवर पिकतो आणि हिरवं पान जवळच्या कारखान्याला विकलं जातं.

सकाळी सहाला त्यांच्या मागोमाग मीही उतारावर गेले. डोक्यावरून कपाळावर टेकलेला नाम्लोचा पट्टा, पाठीवर डोको, म्हणजे पानं टाकायची टोपली. दोन्ही हात झुडपावरून एकाच वेळी चालत होते. 'एक सुइरो दुई पात', त्या मला शिकवत होत्या. सुइरो म्हणजे टोकाची न उमललेली कळी, सुईसारखी, आणि तिच्याखालची दोन पानं. अंगठा आणि तर्जनीत देठ धरून खाली वाकवायचा, की तो आपोआप तुटतो. नखाने तोडायचा नाही, नख लागलं की तिथे पान काळं पडतं. मी तासाभरात जेमतेम दोन ओंजळी खुडल्या. दिदींच्या बोटांच्या पेरांवर चहाच्या चिकाने तपकिरी रेघा पडल्या होत्या, हातावरच्या रेघांसारख्याच कायमच्या.

तो जेठ महिना होता, आपल्या ज्येष्ठाच्या आगेमागे, पाऊस अजून लागलेला नव्हता. वर्षात चार वेळा इथल्या चहाची चव बदलते. फाल्गुन-चैत्रातला पहिला फुटवा हलका, फुलांच्या वासाचा, कपात जवळजवळ पिवळा. जेठातला दुसरा दाट आणि गोडसर. पावसाळ्यातला रंगाला भरपूर, चवीला साधा. मग दसरा-दिवाळीच्या सुमाराला शेवटचा. मला पेल्यात मिळाला तो दुसरा फुटवा. दिदींनी एक डहाळी माझ्यापुढे धरली. कळीच्या खालचं पान कडेने पिवळं पडून आत वळलं होतं. "किरा," त्या म्हणाल्या. मी चुकचुकले, तशा त्या हसल्या आणि त्यांनी ती डहाळी जपून डोक्यात टाकली. म्हणजे पाठीवरच्या डोकोत. हा एक हिरवा, तांदळाच्या दाण्याहूनही छोटा तुडतुडा. कोवळ्या कोंबातला रस शोषतो. पान घायाळ झालं की झाड स्वतःला वाचवण्यासाठी काही सुगंधी द्रव्यं तयार करतं, आणि कपात येणारा तो द्राक्षाचा वास बऱ्याच अंशी त्यांचा असतो. तुडतुडे बेसुमार झाले तर पीक जातं. थोडे आले तर ती त्या मोसमाची कमाई. म्हणून भरमसाट फवारणी करणाऱ्याच्या चहात हा वास उतरत नाही.

या डोंगरावर चहा आला १८६३ साली. राणा पंतप्रधान जंगबहादूर यांचे जावई गजराजसिंह थापा तेव्हा इलामचे प्रशासक होते. नदीपलीकडे दार्जिलिंगमध्ये इंग्रजांचे मळे नुकतेच बहरू लागले होते. चीनच्या बादशहाने जंगबहादूरांना चहाचं बी भेट दिलं, त्यातून इलामचा मळा झाला, अशी कथा सांगतात. बी कुठूनही आलेलं असो, दार्जिलिंग आणि इलाम ही जवळजवळ एकाच वयाची भावंडं. पुढे मात्र वाटा फुटल्या. दार्जिलिंगचा चहा लंडनला गेला, इलामचा शंभर वर्षं राणांच्या आणि मग सरकारी कारभारात अडकून राहिला. १९६६ मध्ये सरकारने चहा विकास निगम काढला, १९८२ मध्ये राजे वीरेंद्रांनी झापा, इलाम, पाँचथर, तेह्रथुम आणि धनकुटा हे पाच जिल्हे चहाक्षेत्र म्हणून जाहीर केले, आणि मका आणि कोदो म्हणजे नाचणी पिकवणाऱ्या साध्या शेतकऱ्यांच्या उतारांवर झुडपं दिसू लागली. दिदींच्या सासऱ्यांनी त्या काळातच लावली होती.

आता कारखाना. मला खरं तर याच रात्रीबद्दल लिहायचं होतं.

संध्याकाळी गाडीतून पानं आली. वजन झालं, देठाळ माल बाजूला झाला, आणि वरच्या मजल्यावर जाळीच्या लांबलचक ट्रफवर पानं अंथरली गेली. खालून पंखे वारा सोडतात. यात उष्णता फारशी नसते, नुसता वारा. पान वाळवायचं नसतं, कोमेजवायचं असतं. ताज्या पानात पाऊण हिस्सा पाणीच. ते थोडं कमी झाल्याशिवाय पान पुढे नेलं तर रोलरमध्ये त्याचा चुरा होईल. कोमेजलं की ते मऊ पडतं, वळवाल तसं वळतं. दहा-बारा तास, कधी सोळा, हवेवर अवलंबून. धुकं असेल तर जास्त.

रात्रपाळीला एक दाइ, म्हणजे आपले दादा, होते, पन्नाशीचे. गेली सत्तावीस वर्षं ते हेच काम करत होते. ते दर तासाला उठायचे, ट्रफमध्ये कोपरापर्यंत हात घालून खालची पानं वर करायचे, मूठभर उचलून घट्ट आवळायचे आणि मूठ उघडायचे. पहिल्यांदा पानं ताडकन पुन्हा पसरली. अजून जिवंत आहेत, ते म्हणाले. रात्री दोनला मुठीतला गोळा हळूहळू सुटला. पहाटे साडेतीनला तो सुटलाच नाही, तसाच तळहातावर बसून राहिला, रेशमी रुमालाच्या बोळ्यासारखा. देठ वाकवला, तुटला नाही. आणि वास बदलला होता. संध्याकाळी कापलेल्या गवताचा होता, आता सफरचंदाच्या पेटीत तोंड घातल्यासारखा. "भयो," दाइ म्हणाले. झालं.

खाली रोलर सुरू झाले. गोल पितळी टेबल, त्याच्यावर उंचवटे, वर उपडं पिंप. पिंपात पानं भरतात आणि ते टेबलावर गोल गोल फिरत राहतं. लांबून जात्यासारखं दिसतं, पण जातं भरडतं आणि हे पिळतं, आजी गोधडी पिळायची तसं. पानाच्या पेशी फुटतात, रस बाहेर येतो आणि पानाच्या अंगालाच चिकटून बसतो. अर्ध्या-पाऊण तासाने पिंप उघडलं तेव्हा आत हिरवे-तांबूस, चिकट, पिळलेले धागे होते आणि सगळ्या कारखान्यात काकडीचा वास सुटला होता.

मग ते धागे एका थंड, ओलसर खोलीत पातळ थरात पसरले. आणि इथून पुढे कोणीही काहीही करत नाही. इथे सगळे याला फर्मेंटेशन म्हणतात, पण इडलीचं पीठ आंबतं तसं यात काही आंबत नाही. आपण वांगं चिरलं की पाण्यात टाकतो, नाहीतर फोडी काळ्या पडतात. तेच हे. पेशी फुटल्या, आतली एन्झाइम आणि हवेतला ऑक्सिजन भेटले, आणि हिरव्याचं तांबडं होऊ लागलं. वांग्याच्या बाबतीत आपण जे थांबवतो, ते इथे घडू देतात. काळ्या चहाचा काळेपणा, तांब्याचा रंग, तोंडात येणारा तो कणखरपणा, सगळं या खोलीत जन्माला येतं. हे मुळीच घडू दिलं नाही, आधीच पानाला उष्णता दिली, की त्याच पानाचा हिरवा चहा होतो.

प्रश्न एवढाच, थांबायचं कधी. भिंतीवर घड्याळ होतं, तापमापक होता. दाइंनी त्यांच्याकडे अधूनमधून पाहिलं, पण दर पाच-दहा मिनिटांनी ते वाकून नाक थेट पानांना लावत होते. मला त्यांनी समजावलं ते असं: आधी कच्चा हिरवा वास येतो. मग एक सुगंध उठतो, छान असतो, नवखा माणूस इथेच फसतो आणि पान भट्टीत टाकतो. तो सुगंध विरतो. थोडा वेळ काहीच येत नाही. घाबरायचं नाही, थांबायचं. मग दुसऱ्यांदा येतो, अधिक गोड, अधिक खोल. तो आला की धावायचं, कारण तो फार वेळ राहत नाही. त्यानंतरचा चहा नुसता रंगाचा.

मीही वाकले. पहिला वास आला, मला तो पुरेसा वाटला. मग खरंच सगळं शांत झालं, जणू ओली माती. वीस मिनिटं आम्ही दोघंही काही बोललो नाही. बाहेर उजाडत होतं, कोंबडे आरवत होते. आणि मग मनुका उकळाव्यात तसा वास आला. मी मान वर केली तर दाइ आधीच ट्रे उचलून निघाले होते.

ड्रायरमधून शंभर अंशांच्या वरची हवा जाते. वीस-पंचवीस मिनिटांत पानातलं पाणी दोन-तीन टक्क्यांवर येतं, एन्झाइमचं काम कायमचं थांबतं आणि तांबडं पान काळं होऊन बाहेर पडतं. पुढे चाळण्या, आख्खी पानं वेगळी, तुकडे वेगळे, कणी वेगळी, भुकटी वेगळी, आणि बायका रांगेत बसून हाताने काड्या निवडतात. आपण तांदूळ निवडतो तसं, त्याच मांडीने, त्याच पुटपुटण्याने. साडेचार किलो हिरव्या पानांतून साधारण एक किलो चहा उरतो. माझ्या दोन ओंजळींचे चार-दोन कपच झाले असते.

सकाळी पांढऱ्या कपांच्या रांगेत रात्रीचा चहा मांडला गेला, पाच मिनिटं झाकून ठेवलेला. दाइंनी चमचा उचलून मोठ्याने भुरका मारला. माझ्या आजोळी बशीतून असाच भुरका मारत. मी मुंबईच्या माणसांत तो विसरले होते, इथे तो कामाचा भाग होता, चव हवेसकट नाकापर्यंत चढावी म्हणून. दाइंनी थोडा वेळ डोळे मिटले. मग म्हणाले, पाच मिनिटं आधी थांबायला हवं होतं. मला त्या कपात काहीच उणं सापडलं नाही.

या चहाचं पुढे काय होतं, ते मला दिदींच्या ओसरीवर कळलं. डोंगरातला हा आख्ख्या पानाचा चहा नेपाळात फार थोडा खपतो. मोठा वाटा मेची ओलांडून भारतात जातो, आणि तिथून पुढे त्याचा माग लागत नाही. पोत्यात भरताना तो इलामचा असतो, दुकानातल्या पाकिटावर इलाम हा शब्द बहुधा नसतो. कशात तरी मिसळतो, कुठल्यातरी नावाखाली विकला जातो. दार्जिलिंगला २००४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, भारतातलं पहिलं. तिथल्या मळ्यांना आपलं नाव जपायचा पूर्ण हक्क आहे आणि दुसऱ्याचा माल त्या नावाने विकला गेला तर तिथल्या मजुरांच्याच पोटावर पाय येतो. २०१७ मध्ये तिथला वेगळ्या राज्यासाठीचा बंद १०४ दिवस चालला, दुसऱ्या फुटव्याचा मोसम बुडाला, त्या घरांत काय झालं असेल याची कल्पना करवत नाही. पण दिदींचं म्हणणं वेगळं होतं आणि ते माझ्या मनातून जात नाही. सीमेवर तपासणीचा एखादा नियम बदलला, गाड्या अडकल्या, की आठवड्यात इकडच्या हिरव्या पानाचा भाव पडतो. पान तर थांबत नाही, सात दिवसांनी पुन्हा खुडावंच लागतं, नाहीतर जून होतं. "हाम्रो चियाको नाउँ छैन," त्या म्हणाल्या. आमच्या चहाला नाव नाही. गेल्या दशकात नेपाळने आपल्या चहासाठी हिमालयाचं एक सामूहिक चिन्ह केलं आहे, काही मळे थेट युरोप-जपानला विकू लागले आहेत. ते चिन्ह बारा रोपनीवाल्या घरापर्यंत पोचावं असं मला फार मनापासून वाटतं. सत्तावीस वर्षं रात्री जागणाऱ्या नाकाचा चहा कोऱ्या पोत्यातून जाऊ नये.

येताना दिदींनी वर्तमानपत्रात बांधून पावशेर चहा दिला. पैसे घेतले नाहीत.

घरी आईला म्हटलं, आज दूध घालू नकोस. तिने माझ्याकडे बघितलं, काही बोलली नाही. पाणी उकळून गॅस बंद केला, मिनिटभर थांबले, दोन छोटे चमचे पान टाकलं आणि झाकण ठेवलं. तीन मिनिटं. आईला एवढा वेळ पातेल्यापासून लांब बसणं जमत नव्हतं, ती दोनदा उठली. गाळून कप तिच्या हातात दिला. तिने तो खिडकीकडे धरला, तळ दिसतोय का बघितला. मग बशीत ओतला, फुंकर घातली, घोट घेतला. बराच वेळ गेला.

"आईला आवडला असता," ती म्हणाली.

कप धुवायला नेताना ती सिंकपाशी थांबली. चोथा ती नेहमी गुलाबाच्या कुंडीत टाकते. गाळणं उजेडात धरून ती बोटाने एकेक पान सोडवत होती. गरम पाण्यात पिळा सुटून ती पुन्हा आख्खी झाली होती, तांबडी, कडेच्या करवती दात्यांसकट. एक देठ तिने तळहातावर घेतला: टोकाला कळी, खाली दोन पानं. ही बघ, अजून आहेत, असं म्हणत तिने तो परत गाळण्यात ठेवला आणि मला सांगितलं, पुन्हा आधण ठेव.